आईच्या खोलीचं रफ

हल्ली माझ्याकडे येणारी माणसं घर मोबाईलमध्ये घेऊनच येतात. बसायच्या आधी फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘मॅडम, असं पाहिजे.’ फोनमध्ये कुठल्यातरी परमुलखातलं पांढरंशुभ्र घर असतं, सपाट छपराचं, भिंतीएवढ्या काचा लावलेलं. परवा एक गृहस्थ असलं घर जांबोटीला बांधायचं म्हणून आले होते. जांबोटीला पावसाळ्यात पायातल्या चपलेला बुरशी धरते. या घरावर पहिल्याच वर्षी शेवाळ चढेल आणि दुसऱ्या वर्षी छत गळायला लागेल, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘ते तुम्ही बघा की. व्ह्यू तेवढा हाच पाहिजे.’

मी पेन्सिल उचलली होती, ती परत ठेवून दिली. उचलायची आणि ठेवायची, हे आता फार व्हायला लागलंय.

बेळगावात घरांचे नकाशे काढायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. मान दुखते, उजव्या अंगठ्यात कळ येते. पण ते काय, बाम चोळला की भागतं. खरा थकवा येतो तो माणसांना बोलतं करण्याचा. आपल्याला घर कसं हवं हे माणूस कधी सरळ सांगत नाही. नवरा सांगतो ते बायकोला नको असतं, मुलगा सांगतो ते म्हाताऱ्याला परवडत नाही, आणि सगळे एकमेकांसमोर माना डोलावत बसतात. त्यांच्या पोटातलं काढून घ्यायला माझ्याकडे एवढंच आहे, एक मऊ काळी पेन्सिल, एक खोडरबर आणि बटर पेपरची गुंडाळी. बटर पेपर म्हणजे आरपार दिसणारा पातळ कागद. जुन्या कागदावर नवा ठेवायचा, खालच्या रेघा हव्या तेवढ्या गिरवायच्या, नको त्या सोडून द्यायच्या.

हे शहाणपण मला सांबऱ्याच्या एका घराने दिलं. दोन भावांचं घर होतं. मी नवी होते, कॉम्प्युटरवर नकाशा काढला होता, मापं, बाण, उत्तर दिशा, सगळं जागच्या जागी. थोरल्याची बायको नकाशाकडे बराच वेळ बघत होती. मी विचारलं, ‘स्वयंपाकघर बरं वाटतंय ना?’ तर म्हणाली, ‘छान आहे.’ घर झालं. वास्तुशांतीच्या जेवणात मला वाढता वाढता ती म्हणाली, ‘ओट्यापाशी उभारलं की दारात कोण आलंय ते दिसत न्हाय बघा. जुन्या घरात दिसायचं.’

‘मग तेव्हा का नाही बोललात?’

‘छापून आलतं की ओ. छापलेल्यात आमी काय बोलायचं?’

आणि तिने मला आणखी एक पोळी वाढली.

आमच्या भागातल्या माणसांचं हे असंच आहे. पिढ्यान्पिढ्या कागदापुढे हात जोडून उभी राहिलेली माणसं. तलाठ्याचा कागद, कोर्टाचा कागद, कधी मराठीत, कधी कानडीत, पण आपल्या बाजूने बोलणारा कधीच नाही. छापलं म्हणजे कुठेतरी वर ठरलं, असंच धरून चालतात. तेच पेन्सिलीने वाकडंतिकडं काढलं की हीच माणसं पुढे सरकतात. ‘हे काय हो, ही भिंत हिकडं घ्या की,’ म्हणून बोट ठेवतात. वाकड्या रेघेची कुणाला भीती वाटत नाही.

तेव्हापासून मी पहिल्यांदा रफच काढते. आता तर उलटाच प्रकार आहे. कॉम्प्युटरवर नकाशा तासाभरात तयार होतो. मग मी त्यावर बटर पेपर ठेवते आणि तयार नकाशा हाताने गिरवून मुद्दाम रफ करते. रेघा थोड्या थरथरत्या, कोपरे एकमेकांवरून गेलेले. ऑफिसातली माझी भागीदारीण हसते. म्हणते, ‘लग्नाला म्हणून नटायचं आणि मांडवाच्या दारात केस विस्कटून घ्यायचे, असं तुझं आहे.’ हसू दे. माणसं बोलतात, मला तेवढं पुरतं.

एवढं सगळं कळत असून मी माझ्या आईपुढे काय ठेवलं? रंगीत प्रिंट.

आई निपाणीत राहते, एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती एक. आईने आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि दारात बसून दिवसभर हात चालू. पानं कापायच्या मापाचा पत्र्याचा एक चौकोनी तुकडा होता. तो पाटीवर ठेवून मी त्याच्या भोवतीने पेन्सिल फिरवायचे आणि त्या चौकोनाला दार-खिडक्या काढायचे. माझी पहिली घरं सगळी विडीच्या पानाच्या मापाची. आई ओरडायची, ‘आगं तो पत्रा दे हिकडं, माझं काम खोळंबलंय!’

गेल्या वर्षी ती मोरीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण बराच वेळ तिला उठता आलं नाही. शेजारच्या आक्कांनी दार लोटून आत जाऊन तिला बाहेर काढलं आणि मला फोन केला. मी तेव्हा साइटवर होते. बेळगावहून निपाणीला पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. त्या दिवसापासून दर रविवारी मी निपाणीला जाते. हायवेचं काम संपता संपत नाही. हत्तरगी, संकेश्वर, मग तवंदीचा घाट उतरायचा. संध्याकाळी तोच घाट चढून परत यायचं. सोमवारी ऑफिसला जाते तेव्हा आठवडा सुरू व्हायच्या आधीच मी दमलेली असते. हे मी आईला कधी बोलले नाही. तिला ते दिसत नसेल असं मात्र नाही.

त्याच सुमारास आम्ही बेळगावात स्वतःचं घर बांधायचं ठरवलं. इतक्यांची घरं काढली, आता आपलं काढू. मी सगळ्यात आधी तळमजल्यावर आईची खोली काढली. बाकीचं घर त्या खोलीच्या कडेने वाढत गेलं. प्रश्न एवढाच होता की ती येणार का. मी विचारलं की म्हणायची, ‘घर तर हुंदे आधी.’ यात होही नाही आणि नाहीही नाही. या चार शब्दांवर मी सात-आठ महिने काढले.

नवऱ्याने एकदा जपून विचारलं, ‘लेकीच्या घरी राहायचं, म्हणून तर अडत नसेल ना?’ आमच्याकडची जुनी माणसं ते कमीपणाचं मानतात. पण आम्ही बौद्ध. असल्या रीती आमच्या घरातून आजोबांच्याच काळात बाहेर गेल्या. तरी मी आईला विचारलं. ती उखडलीच. ‘तसलं मानणारी वाटले व्हय मी तुला?’

मग नकाशा पक्का झाला आणि मी त्याची मोठी प्रिंट काढली. आईच्या खोलीला फिकट पिवळा रंग, अंथरुणावर निळी चादर, खिडकीबाहेर हिरवं झाड. कुणाही गिऱ्हाइकापुढे मी असलं चित्र पहिल्या दिवशी ठेवलं नसतं. आईपुढे ठेवलं. ती खूश व्हावी म्हणून ठेवलं, असं मी स्वतःला सांगितलं. आता वाटतं, तिने काही बोलू नये हेच मला हवं होतं बहुतेक. मी थकले होते. मला तिचा होकार हवा होता, चर्चा नको होती.

आईने पदराला हात पुसले आणि कागद कडांना धरून उजेडात नेला. ‘झ्याक हाय गं.’

‘तुझी खोली बघितलीस?’

‘बघितली की. लई झ्याक.’

पुढच्या रविवारी गेले तर तो नकाशा भिंतीवर. तोही नुसता नाही. बसस्टँडजवळच्या दुकानात जाऊन बाईसाहेबांनी तो लॅमिनेट करून आणला होता. चकचकीत. आल्यागेल्याला दाखवत होती, ‘माझ्या लेकीनं काढलंय, तिच्या घराचं हाय.’ मी हसले, पण आतून काहीतरी खटकलं. तिच्या घराचं, म्हणाली. आपल्या घराचं नाही. आणि त्या प्लॅस्टिकवर आता पेन्सिलही चालली नसती.

कंत्राटदाराचा फोन आला, पुढच्या आठवड्यात जागेवर चुन्याची आखणी करू म्हणून. एकदा फक्की पडली की पाया खणणार, मग भिंत हलायची नाही. आई येणार नसेल तर जिना, मोरी, पुढचा दिवाणखाना, सगळंच वेगळं होणार होतं. आता ‘घर तर हुंदे’वर भागण्यासारखं नव्हतं. त्या रविवारी मी बटर पेपरची गुंडाळी, पेन्सिल आणि खोडरबर पिशवीत टाकलं आणि निघाले.

सकाळची वेळ होती. आई दारात बसली होती, आपल्या नेहमीच्या जागी. विड्या सोडून तिला बरीच वर्षं झाली, पण बसायची जागा तीच. मी तिच्यासमोर पाट ठेवला, पाटावर कागद पसरला आणि तिच्यादेखत घर काढायला लागले. वाकडंच काढलं. मुद्दाम वाकडं काढायची गरज पडली नाही, घाटातून गाडी चालवून हात तसेही आखडले होते.

‘ह्यो तर भिंतीवर हाय की,’ आई म्हणाली.

‘तो राहू दे. हे रफ आहे. चुका काढ यातल्या.’

‘मला काय कळतंय त्यातलं?’

मी गप्प काढत राहिले. हेही धंद्यातलंच आहे. थोड्या वेळाने आई पुढे वाकली.

‘हे काय?’

‘स्वयंपाकघर.’

‘आन् भांडी कुठं घासायची?’

‘आतच. सिंकमध्ये.’

‘सगळी आतच? आगं, मोठी पातेली भाईर घासावीत. ऊन लागतंय त्यास्नी. हितं मागं एक कट्टा कर.’

मी कट्टा काढला. ती आणखी जवळ सरकली. ऊन कुठून येतं विचारलं. मी बाण काढला. मग म्हणाली, ‘तर मग कपडे हिकडं वाळत घाल की, तिकडं काय करतीस?’ जिन्याखालची जागा वाया जातेय म्हणाली, तिथे धान्याचे डबे बसतील. पुढच्या दारासमोरच मागचं दार आण, वारं खेळतं. जावयाच्या पुस्तकांना ओल लागेल, ती भिंत पावसाच्या अंगाला आहे. शेजारच्या आक्का दारावरून चालल्या होत्या, त्या थांबून म्हणाल्या, ‘काय माय-लेकी घर-घर खेळाय लागलायसा?’ आई म्हणाली, ‘व्हय, हिला शिकवाय लागले.’ आक्का हसत गेल्या.

कागद घाण होत चालला होता आणि मला आनंदाने हसू फुटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती या घरात शिरून बोलत होती. ज्याला राहायचं नाही तो भांडी कुठे घासायची हे कशाला विचारेल? मी मनातल्या मनात तिचं सामान गाडीत भरायलाही लागले. ते सूप तेवढं ती सोडणार नाही, ते कुठे ठेवायचं याचाही विचार करून झाला.

मग तिचं बोट तिच्या खोलीवर आलं.

‘ही माझी न्हवं?’

‘हो.’

‘बाकीची दारं बारकी आणि माझंच एवढं मोठं का?’

खोटं बोलता आलं असतं. पण रफ पुढे ठेवायचं आणि खोटं बोलायचं, हे जमत नाही. ‘पुढेमागे लागलंच तर खुर्ची आत यावी म्हणून,’ मी म्हटलं.

‘कसली खुर्ची?’

‘चाकाची.’

‘आन् भिंतीला ह्ये काय?’

‘धरायला दांडे. आणि ही घंटी. रात्री कधी लागलं तर उशाची घंटी दाबायची, आमच्या खोलीत वाजेल.’

आई कागदाकडे बघत राहिली. मग हसली. तिचं ते हसणं मला पोरपणापासून ठाऊक आहे, ते आलं की पुढे काहीतरी लागणारं येतं. ‘दार चांगलं केलंयस,’ ती म्हणाली. ‘तिरडी बी सरळ निघंल. वाकडी करायला नको.’

‘आई!’

‘आगं, खरं तेच बोलाय लागले.’ तिने पाटावरचं खोडरबर उचललं. ‘हे पुसलं तर चालतंय न्हवं?’

‘चालतंय. त्यासाठीच आहे.’

मला वाटलं, ती दार लहान करणार. तिने दार पुसलं. मग दांडे पुसले. मग घंटी, मग पलंग, मग खिडकीकडची भिंत. घाई नाही, राग नाही, तांदूळ निवडावेत तशी सावकाश पुसत होती. बटर पेपर फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने कागद धरून. सगळं झाल्यावर रबराचा चुरा तिने फुंकरीने उडवला आणि पदराने कागद झटकला.

‘मी न्हाय येत गं,’ ती म्हणाली.

मग तीच पुढे बोलत राहिली. ‘हितं सकाळी दार उघडायला उशीर झाला तर आक्का कडी वाजवती. दुपारी बायका येऊन बसत्यात. मोरीत पडले तवा बी आक्काच आलती. तुझ्यात तू सकाळी जाणार, जावई जाणार, नात पुण्याला. दिवसभर मी घंटी दाबून कुणाला बोलवू?’

मला राग आला. खरंच आला. इतके रविवार, इतका घाट, इतके कागद. मी म्हटलं, ‘मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस? झ्याक हाय, झ्याक हाय म्हणत बसलीस ती?’

‘लई मेहनतीनं केलतंस. रंगबिंग भरून. त्याच्यावर काय बोलायचं?’

सांबऱ्याच्या त्या बाईचंच उत्तर, शब्द तेवढे आईचे. पेन्सिलीने माणसं बोलती होतात, हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले. बोलती झाली की आपल्याला हवं तेच बोलतात, असं मला कुणी सांगितलं होतं? मला रडू आलं. आईने रडू दिलं. मग चहा टाकायला उठली.

चहा पिताना म्हणाली, ‘ते दांडे मातर हितं बसीव. मोरीत.’

‘तू पडलीस तेव्हा मी बसवते म्हणाले होते, तर नको म्हणालीस.’

‘तवा तू मला न्ह्यायला बघत हुतीस. म्हणून नको म्हणाले.’

मी नवा कागद घेतला आणि तिची मोरी काढली. तिने त्यातही चुका काढल्या, बादली इकडे असते, नळ तिकडे आहे. मग ती स्वतः मोरीत जाऊन उभी राहिली, पडताना हात जिथे गेला होता तिथे भिंतीवर हात टेकला, आणि म्हणाली, ‘हितं.’ मी तिच्या बोटांखाली पेन्सिलीने खूण केली. शेजारच्या आक्कांकडे तिच्या दाराची दुसरी किल्ली ठेवायचंही त्याच वेळी ठरलं. रविवार काही सुटले नाहीत. ते चालूच राहणार होते, हे मला तेव्हाच कळलं.

निघताना भिंतीवरचा तो चकचकीत नकाशा बघून मी विचारलं, ‘हा आता काढू का?’

‘राहू दे की,’ आई म्हणाली. ‘चित्र बरं हाय.’

संध्याकाळी घरी पोचले. नवऱ्याने चेहरा बघून पाण्याचा तांब्या पुढे केला. मी गुंडाळी टेबलावर उलगडली. तो कागदावरून बोट फिरवत गेला. मागचा कट्टा, उन्हाचा बाण, जिन्याखालचे डबे, समोरासमोरची दारं, त्याच्या पुस्तकांची हलवलेली भिंत. ‘आई बरंच बोलल्या की,’ तो म्हणाला. आवाजात आनंद होता. मग त्याचं बोट तळमजल्याच्या कोपऱ्यात त्या पुसलेल्या जागेवर थांबलं.

‘आणि हे? हे काढायचं राहिलं का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तेवढंच फायनल आहे. बाकी सगळं अजून रफ.’